गेम बनवायला शिकवणारा व्हिडिओ पारखायचा कसा? सातारा-सांगलीच्या मुलांसाठी सहा कसोट्या

१ फेब्रुवारी २०२६ ला केंद्रीय अर्थसंकल्प मांडला गेला. त्यातली एक घोषणा इन्कम टॅक्स आणि शेअर बाजाराच्या बातम्यांच्या गर्दीत बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज म्हणजे आयआयसीटी या संस्थेमार्फत देशातल्या १५,००० माध्यमिक शाळांमध्ये आणि ५०० कॉलेजांमध्ये ‘एव्हीजीसी कंटेंट क्रिएटर लॅब’ उभ्या करायच्या आहेत. एव्हीजीसी म्हणजे अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स. या क्षेत्राला २०३० पर्यंत २० लाख माणसं लागतील, असा अंदाजही त्या भाषणात होता. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं राज्याचं स्वतःचं एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं होतं. त्याचा आराखडा ३,२६८ कोटी रुपयांचा आहे.

आकडे मोठे आहेत आणि बातमी चांगलीच आहे. पण लॅब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? नवे कॉम्प्युटर, ग्राफिक कार्ड, व्हीआर हेडसेट, भिंतीवर बोर्ड. हे सगळं टेंडर काढून विकत घेता येतं. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. नववीतली मुलगी त्या कॉम्प्युटरसमोर पहिल्या दिवशी बसेल तेव्हा तिला काय दाखवणार? कोणता व्हिडिओ, कोणती पुस्तिका, कोणत्या भाषेत?

गणित शिकवणारे सर प्रत्येक गावात आहेत. गेम बनवायला शिकवणारे सर तालुक्याच्या गावातही मिळणं अवघड. त्यामुळे या विषयात ‘सर’ म्हणजे बहुतेक वेळा व्हिडिओच असतो. म्हणून मला वाटतं, या योजनांचं काय होणार हे कॉम्प्युटरपेक्षा त्यावर चालणाऱ्या लर्निंग मटेरिअलवर ठरेल. आणि हे मटेरिअल पारखायला लॅब येईपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्यापैकी बरेच जण आत्ताच मोबाइलवर गेम डेव्हलपमेंटचे व्हिडिओ बघताय. ते कसे पारखायचे, तेच या लेखात बघू.

सातारा-सांगलीत हा प्रश्न जास्त का टोचतो?

मी मूळची कराडची. इंजिनिअरिंग सांगलीत केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करते. आपल्या भागात इंजिनिअरिंग शिक्षणाची कमतरता अजिबात नाही. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ चं, कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं, राजारामनगरचं आरआयटी १९८३ चं. कोडिंग येणारी मुलं इथून दरवर्षी बाहेर पडतात.

गेम स्टुडिओ मात्र पुण्याच्या अलीकडे सहसा भेटत नाहीत. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे. ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा २०२० मध्ये आलेला गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवला. ‘इंडस’ हा बॅटल रॉयाल गेम पुण्याच्याच सुपरगेमिंगचा. म्हणजे काम साताऱ्यापासून दोन-तीन तासांवर आहे, पण ते करणारा सीनिअर शेजारच्या गल्लीत राहत नाही.

याचा परिणाम शिकण्यावर होतो. पुण्या-बंगळुरूत अडलं तर कुणाला तरी भेटून विचारता येतं. विट्यात किंवा फलटणला अडलं तर व्हिडिओ मागे ओढून पुन्हा बघायचा, एवढंच हातात असतं. म्हणून वाईट व्हिडिओची किंमत आपल्याकडे जास्त मोजावी लागते.

माझी आतेबहीण विट्याला असते, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. गोडो हे गेम इंजिन वापरून छोटा गेम करायचा म्हणून तिनं एक व्हिडिओ लावला. शिकवणारा छान होता, आवाज स्वच्छ, चित्रं देखणी. दहाव्या मिनिटाला तो म्हणाला, ‘आता यादीतून कायनेमॅटिकबॉडी टू-डी घ्या.’ तिच्या यादीत ते नव्हतंच. दोन संध्याकाळी तिनं शोधलं, इंजिन पुन्हा इन्स्टॉल केलं आणि मग मला फोन करून म्हणाली, ‘ताई, मला हे नाही जमायचं.’

तिच्यात काहीच कमी नव्हतं. व्हिडिओ गोडो ३ चा होता आणि तिच्याकडे गोडो ४ होतं. १ मार्च २०२३ ला गोडो ४ आलं तेव्हा त्या घटकाचं नाव बदलून कॅरेक्टरबॉडी टू-डी झालं. एवढंच कारण होतं. पण ते सांगणारं कुणी जवळ नसेल तर शिकणारी व्यक्ती दोष स्वतःला देते आणि विषय सोडते. मटेरिअलच्या दर्जाबद्दल बोलायचं ते यासाठी.

कसोटी १: व्हर्जन आणि तारीख सांगितली आहे का?

व्हिडिओ सुरू करण्याआधी दोन गोष्टी बघा: कोणतं इंजिन, कोणतं व्हर्जन. शीर्षकात, वर्णनात किंवा पहिल्या मिनिटात हे सांगितलेलं नसेल तर सावध व्हा.

गोडो ३ आणि ४ मध्ये फक्त नावंच बदलली असं नाही. ‘एक्स्पोर्ट’ आणि ‘ऑनरेडी’ या शब्दांआधी आता @ हे चिन्ह लागतं. ‘यील्ड’च्या जागी ‘अवेट’ आलं. ‘मूव्ह अँड स्लाइड’ या फंक्शनला आधी कंसात वेग द्यावा लागायचा, आता वेग वेगळा ठेवायचा आणि कंस रिकामा सोडायचा. जुना कोड जसाच्या तसा टाइप केला तर लाल ओळी दिसणारच.

युनिटीचंही तसंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये युनिटी ६ आलं आणि रिजिडबॉडीचं ‘व्हेलॉसिटी’ हे नाव ‘लिनिअर व्हेलॉसिटी’ झालं. कीबोर्ड आणि टच वाचायची पद्धतही नव्या इनपुट सिस्टीमकडे सरकली आहे.

कधी कधी मटेरिअल जुनं होण्याचं कारण कोडच्या बाहेर असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीनं ‘रनटाइम फी’ जाहीर केली, म्हणजे एका मर्यादेनंतर गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे. जगभर आरडाओरडा झाला, बरेच डेव्हलपर गोडोकडे वळले आणि वर्षभरानं, सप्टेंबर २०२४ मध्ये, युनिटीनं ती फी रद्द केली. युनिटी शिकवण्यासाठी प्रसिद्ध असलेला ब्रॅकीज हा यूट्यूब चॅनल २०२० मध्ये थांबला होता. २०२४ मध्ये परतला तो गोडो शिकवत. त्याचे जुने युनिटी व्हिडिओ समजावण्याच्या दृष्टीनं आजही सुंदर आहेत. पण नवशिक्यानं ते बघून जसंच्या तसं करायला जाऊ नये.

कसोटी २: व्हिडिओ बंद केल्यावर काय येतं?

माझ्या मते सहापैकी सगळ्यात महत्त्वाची कसोटी हीच. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, कारण समोरचा सहज करतो. तो टाइप करतो, आपण टाइप करतो, गेम चालतो. मग व्हिडिओ बंद करून रिकामा प्रोजेक्ट उघडला की हात थांबतात.

याची पारख सोपी आहे. एक धडा पूर्ण करा. दुसऱ्या दिवशी तो न बघता त्यातली एक गोष्ट बदलून पुन्हा करा. उडी दुप्पट उंच करा, नाणी गोळा करण्याऐवजी दगड चुकवायला लावा, शत्रू दोन बाजूंनी येऊ द्या. जमलं तर धडा चांगला. अजिबात हलता आलं नाही तर त्या धड्यानं तुमच्याकडून फक्त नक्कल करून घेतली.

नक्कल वाईट असते असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियातले शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की अगदी नवशिक्या माणसाला थेट प्रश्न सोडवायला लावण्यापेक्षा आधी सोडवलेली उदाहरणं दाखवली तर तो लवकर शिकतो. कारण आपल्या डोक्यातली ‘रॅम’ लहान असते. एका वेळी थोड्याच नव्या गोष्टी तिच्यात मावतात. पण पुढची पायरी लागतेच: आधी पूर्ण सोडवलेलं, मग अर्धं सोडवलेलं, मग फक्त प्रश्न. चांगलं मटेरिअल हा जिना बांधतं. वाईट मटेरिअल पंचविसाव्या भागातही पहिल्याच पायरीवर असतं. शेवटी ‘आता हे तुम्ही करून बघा’ असं एक तरी काम दिलंय का, ते बघा.

कसोटी ३: तुकडे केलेत का?

‘दहा तासांत संपूर्ण गेम डेव्हलपमेंट’ असले व्हिडिओ सेव्ह करायला बरे वाटतात. २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्सच्या कोर्सेसमधली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक टिकून बघतात आणि लांबी वाढली की गळती सुरू होते, असं त्यात दिसलं. अर्थात व्हिडिओ शेवटपर्यंत बघणं आणि त्यातून शिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तरी गेमसारख्या विषयात तुकड्यांना जास्त अर्थ आहे, कारण प्रत्येक तुकड्यानंतर चालवून बघता येतं.

चांगल्या धड्यात प्रत्येक टप्प्याच्या शेवटी काहीतरी चालतं. आधी पात्र नुसतं दिसतं, मग डावी-उजवीकडे सरकतं, मग उडी मारतं. पाऊण तास कोड लिहूनही ‘रन’ दाबायला मिळत नसेल, तर चूक नेमकी कुठल्या ओळीत झाली हे नवशिक्याला कधीच सापडणार नाही.

कसोटी ४: डोळे आणि कान एकमेकांना मदत करतात का?

मल्टिमीडियातून माणूस कसा शिकतो, यावर अमेरिकेतल्या रिचर्ड मेयर यांचं काम सगळ्यात जास्त वापरलं जातं. त्यांचं ‘मल्टिमीडिया लर्निंग’ हे पुस्तक २००१ चं. त्यातली काही तत्त्वं आपल्या विषयाला लावून बघू.

एक, अनावश्यक काढून टाका. मागे जोरात संगीत, कोपऱ्यात नाचणारं मीम, दर दोन मिनिटांनी ‘सबस्क्राइब करा’. हे मजेदार वाटतं पण लक्ष फोडतं.

दोन, बोट ठेवा. गोडो किंवा युनिटीच्या स्क्रीनवर शंभर बटणं असतात. शिकवणाऱ्यानं झूम केलं, माउसभोवती गोल दाखवला, तर डोळा योग्य जागी जातो. हे सहा इंची मोबाइलवर बघणाऱ्यासाठी तर फारच महत्त्वाचं. फोनवर कोड वाचताच येत नसेल तर तो व्हिडिओ आपल्यासाठी बनलेलाच नाही.

तीन, शब्द आणि चित्र एकाच वेळी, एकाच ठिकाणी. ‘गुरुत्वाकर्षणाची ओळ’ असं म्हणताना तीच ओळ उजळलेली हवी.

चार, बोलताय तेच सगळं पडद्यावर पुन्हा लिहू नका. इथे मात्र आपल्यासाठी एक अपवाद आहे. भाषा परकी असेल तर सबटायटलचा फायदा होतो. इंग्रजी व्हिडिओ बघताना सबटायटल लावण्यात कमीपणा काहीच नाही.

पाच, शब्दांची ओळख आधी. नोड, सीन, स्प्राइट, कोलिजन हे शब्द धडा सुरू होण्याआधी दोन मिनिटांत सांगितले, तर पुढचा धडा हलका होतो.

कसोटी ५: ‘का’ सांगतात का? डेल्टाची चाचणी

कोणताही गेम-कोडिंगचा व्हिडिओ पारखायला मी एक छोटी युक्ती वापरते. त्यात ‘डेल्टा’ येतो तेव्हा शिकवणारा काय म्हणतो ते ऐकायचं.

समजा पात्र प्रत्येक फ्रेमला ५ पिक्सेल पुढे सरकवायचं, असा कोड लिहिला. ६० हर्ट्झच्या फोनवर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पात्र ३०० पिक्सेल जाईल. तोच गेम मित्राच्या १२० हर्ट्झच्या फोनवर ६०० पिक्सेल जाईल. तुमच्याकडे सोपा असलेला गेम त्याच्याकडे खेळताच येणार नाही. म्हणून ‘एका फ्रेमला किती’ असं न लिहिता ‘एका सेकंदाला किती’ असं लिहायचं आणि त्याला डेल्टानं गुणायचं. डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. ३०० गुणिले डेल्टा केलं की दोन्ही फोनवर वेग सारखा.

हे समजावणारा शिक्षक चांगला. ‘इथे डेल्टानं गुणायचं असतं, नियमच आहे’ म्हणून पुढे जाणारा तुम्हाला मंत्र पाठ करायला लावतोय. आणि पाठ केलेला मंत्र चुकीच्या जागी म्हटला जातो. गोडो ४ मध्ये ‘मूव्ह अँड स्लाइड’ वापरताना ते फंक्शन वेळेचा हिशेब स्वतःच करतं; तिथे वेगाला पुन्हा डेल्टानं गुणलं तर पात्र मुंगीच्या गतीनं चालतं. ‘का’ माहीत असेल तर हे अर्ध्या मिनिटात सापडतं, नाहीतर संध्याकाळ जाते.

कसोटी ६: गेम दुसऱ्याच्या फोनपर्यंत पोचतो का?

बऱ्याच मालिका गेम एडिटरमध्ये चालला की संपतात. पण आपल्याला तो मित्राला पाठवायचा असतो. एक्स्पोर्ट कसा करायचा, ब्राउझरमध्ये चालेल असा कसा करायचा, इच डॉट आयओवर फुकट कसा ठेवायचा, हे शिकवलेलं हवं. प्ले स्टोअरवर टाकायचा असेल तर गूगलची एकदाच भरायची २५ डॉलर फी आहे. शिवाय नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ टेस्टर घेऊन सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्ट करावी लागते. एवढ्या साध्या गोष्टी न सांगणारा ‘झिरो टू हिरो’ कोर्स अर्धवटच म्हणायचा.

एक उदाहरण सोडवून बघू

प्रत्येक कसोटीला २ गुण, एकूण १२. गोडोच्या अधिकृत मार्गदर्शिकेत ‘युवर फर्स्ट टू-डी गेम’ हा धडा आहे. त्यात ‘डॉज द क्रीप्स’ नावाचा शत्रू चुकवायचा छोटा गेम बनवतात. माझे गुण असे:

– व्हर्जन: २. पानावरच व्हर्जन निवडता येतं.
– बंद करून जमणं: १. कोड तयार मिळतो. स्वतः करायची कामं कमी.
– तुकडे: २. खेळाडू, शत्रू, मुख्य सीन, स्कोअर असे वेगळे टप्पे.
– डोळे-कान: १. चित्रं भरपूर, पण आवाज नाही आणि भाषा इंग्रजी.
– का: २. डेल्टासकट कारणं दिलीत.
– फोनपर्यंत: १. एक्स्पोर्टची माहिती आहे, पण वेगळ्या पानांवर.

एकूण ९. आणि हे मजकूर-चित्रांचं साधं पान आहे, कमी डेटात उघडणारं. मल्टिमीडिया म्हणजे व्हिडिओच हवा असं काही नाही, हे इथे लक्षात येतं. त्याच्या जोडीला जीडीक्वेस्टचं ‘लर्न जीडीस्क्रिप्ट फ्रॉम झिरो’ घ्या. ते ब्राउझरमध्ये फुकट चालतं, तुमच्याकडून कोड लिहून घेतं आणि लगेच तपासतं. दुसऱ्या कसोटीतली उणीव तिथे भरून निघते.

मराठीत काय आहे?

या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सापडतं. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, स्क्रीन इंग्रजी, आवाज भारतीय भाषांत, मराठीतसुद्धा. स्क्रीन इंग्रजीच ठेवायचा निर्णय मला पटतो, कारण नोकरीच्या ठिकाणी मेनू इंग्रजीच असणार. शिकणाऱ्यानं एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून सोबत करत जायचं, अशी त्याची रचनाच आहे. तुकडे, आवाज, सोबत करणं, या कसोट्यांवर ते उत्तम उतरतं.

थ्री-डी मॉडेल करायचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअरही त्यात मराठी आवाजात आहे. पण ते धडे ब्लेंडर २.५९ चे आहेत, म्हणजे २०११ चे. जुलै २०१९ मध्ये ब्लेंडर २.८० आलं आणि सगळा इंटरफेस बदलला. वस्तू निवडायला आधी राइट क्लिक लागायचं, ते लेफ्ट क्लिक झालं. म्हणजे आपल्या भाषेत नीट विचार करून बनवलेलं मटेरिअल आहे, पण पहिल्याच कसोटीवर अडतं. माझ्या बहिणीची अडचण इथे पुन्हा येणार.

हा त्या प्रकल्पाचा दोष म्हणून मी सांगत नाही. भाषांतर एकदाच करून भागत नाही, दर मोठ्या व्हर्जननंतर ते दुरुस्त करावं लागतं. त्यासाठी माणसं आणि पैसे राखून ठेवावे लागतात. नव्या धोरणांकडे बघताना हा मुद्दा हातचा धरून ठेवा.

दुसरा पर्याय ऑटो-डबिंगचा. डिसेंबर २०२४ पासून यूट्यूब इंग्रजी व्हिडिओ हिंदीसह काही भाषांत आपोआप डब करू लागलं. ऐकायला सोय होते. पण यंत्र शब्द बदलतं, उदाहरण बदलत नाही. मराठीत शिकवण्याचा खरा फायदा उदाहरणात आहे. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ इथेच सादर केलं. गोडोचं नावही सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोडो’ या नाटकावरून आलंय. मग सांगलीतल्या मुलीला असं सांगा: सीन म्हणजे नाटकातला प्रवेश. नोड म्हणजे त्यातलं प्रत्येक पात्र, पडदा, दिवा. स्क्रिप्ट म्हणजे त्या पात्राची संहिता. सिग्नल म्हणजे विंगेतून मिळणारी खूण, जी मिळाली की पुढचं पात्र आत येतं. चार वाक्यांत इंजिनचा सांगाडा कळतो. शब्द इंग्रजी राहिले तरी चालतात, समजावणं आपलं हवं.

पैसे भरून क्लास लावायचा असेल तर

साताऱ्यातल्या ओळखीच्या एका काकांनी मागे फोन केला. ‘अगं, पोराला गेम डिझाइनच्या क्लासला घालू म्हणतोय. वीस लाख नोकऱ्या येणार म्हणे. कर्ज काढावं लागंल, पण शंभर टक्के प्लेसमेंट देतात.’ क्लासचं नाव मी इथे घेत नाही, कारण असे बरेच आहेत. मी त्यांना म्हटलं, काका, वीस लाख हा २०३० पर्यंतचा देशभराचा, चार क्षेत्रांचा मिळून अंदाज आहे. आपल्या तालुक्यात निघालेल्या जागा नव्हेत. आणि सही करायच्या आधी त्यांना पाच प्रश्न विचारा:

१. एक पूर्ण धडा आधी बघायला मिळेल का? जाहिरातीचा तुकडा नको, मधला कोणताही धडा.
२. धडे कोणत्या व्हर्जनचे आणि शेवटचे कधी बदलले?
३. अडलं तर उत्तर कोण देणार आणि किती वेळात? फक्त रेकॉर्डेड व्हिडिओ असतील तर फी कशाची?
४. मागच्या बॅचच्या मुलांनी बनवलेले तीन गेम माझ्या फोनवर खेळायला द्या. सर्टिफिकेट नको, गेम.
५. मध्येच सोडलं तर फी आणि कर्जाचं काय? लेखी द्या.

चौथा प्रश्न सगळ्यात बोलका. स्टुडिओत मुलाखतीलाही शेवटी हेच विचारतात: तू काय बनवलंयस?

घरचा आणखी एक आक्षेप असतो, ‘ते गेमवरच बंदी आलीय ना?’ इथे घोळ होतो. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेमला प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. पैसे लावायला न लावणारा गेम बनवणं किंवा शिकणं यावर कसलीच बंदी नाही. आई-बाबांना हा फरक शांतपणे सांगा.

लॅब येतील तेव्हा आपण काय मागायचं?

लॅब कुठल्या शाळांना मिळतील ते मिळतील. पण शाळेत, पालक सभेत किंवा कॉलेजच्या क्लबमध्ये मागायच्या चार गोष्टी मला सुचतात.

पहिली, प्रत्येक धड्यावर व्हर्जन आणि ‘शेवटचं तपासलं’ अशी तारीख छापलेली असावी. दुसरी, मटेरिअल खुल्या लायसन्सचं असावं, म्हणजे भाषांतर आणि दुरुस्ती कुणालाही करता येईल. गोडो स्वतः एमआयटी लायसन्सखाली फुकट आहे, त्याची मार्गदर्शिका आणि स्पोकन ट्युटोरियलही क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहेत. म्हणजे नव्यानं सगळं बनवायची गरजच नाही. तिसरी, बजेटमध्ये दरवर्षीच्या दुरुस्तीची रक्कम वेगळी दाखवावी. चौथी, धडा मंजूर करण्याआधी तो तालुक्याच्या शाळेतल्या पाच-सहा मुलांसमोर ठेवावा आणि ती कुठे अडतात ते कुणीतरी मागे बसून लिहून घ्यावं. तज्ज्ञांच्या समितीला जे दिसत नाही ते आठवीतलं पोर दहा मिनिटांत दाखवतं.

या शेवटच्या कामासाठी मुंबईकडे बघायची गरज नाही. सांगली, कराड, राजारामनगर इथल्या फायनल इयरच्या मुलांना दरवर्षी प्रोजेक्टचे विषय हवे असतात. एक गट एक धडा घेईल, मराठी आवाज देईल, जवळच्या शाळेत तपासेल. साताऱ्यात मुख्यालय असलेल्या, १९१९ मध्ये कराडजवळ काल्यात सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा तर गावोगावी आहेत. ‘कमवा आणि शिका’ची सवय असलेल्या या भागाला ‘तपासा आणि शिका’ अवघड जाऊ नये.

या आठवड्यात एवढं करा

तुम्ही सेव्ह करून ठेवलेला गेम डेव्हलपमेंटचा कोणताही एक व्हिडिओ काढा. सहा कसोट्या लावा, १२ पैकी गुण द्या. ६ च्या खाली आला तर डिलीट करा, मन खाऊ नका. कॉम्प्युटर नसेल तर गोडोचा एडिटर अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्येही आहे. फोनच्या स्क्रीनवर दाटीवाटी होते, टॅब आणि कीबोर्ड मिळाला तर बरं, पण पहिलं पात्र हलवण्यापुरता तो नक्की चालतो.

आणि एखाद्या ठिकाणी अडलात, तर ‘मला जमत नाही’ म्हणण्याआधी व्हिडिओची तारीख बघा. माझ्या बहिणीचा गेम आता चालतो. उडी अजून जरा जास्तच उंच जाते, पण ती तिनं मुद्दाम ठेवलीय म्हणे.